पावती कोणाच्या नावाने?



बायकांची संघटना उभी करायची म्हणजे सगळ्यात आधी पावतीपुस्तक छापून आणायचे, हे आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी केले आहे. वर्गणी दहा रुपयांची असो की मोर्च्याच्या गाडीभाड्याचे दोनशे, पावती फाडायची, स्थळप्रत जपून ठेवायची आणि वर्ष संपले की हिशेब तपासनिसाच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा. बचतगटात तर वही बैठकीच्या मधोमध असते. कुणीही उघडावी, कुणाचे किती जमले, कुणी किती उचलले ते पाहावे. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पैसा दहाजणींचा असला की तो कुठून आला आणि कुठे गेला हे दहाजणींना कळले पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे.

सरकारलाही ही गोष्ट पटते, निदान आपल्याबाबतीत तरी. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांसाठीचा कायदा २०२० साली आणखी आवळला गेला. तो निधी घ्यायचा तर खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच हवे, मग संस्था गडचिरोलीची असो की सावंतवाडीची. कार्यालयीन खर्च पूर्वी निम्म्यापर्यंत चालत असे, तो वीस टक्क्यांवर आणला. मोठ्या संस्थेने त्या निधीतून लहान संस्थेला पैसे देण्यावर बंदी आली. परदेशी पैसा घ्यावा की नाही, यावर चळवळीत आपण वर्षानुवर्षे भांडत आलो आहोत आणि पुढेही भांडू. पण तो वाद वेगळा. इथे मुद्दा असा की, चार खेड्यांत सल्ला केंद्र चालवणाऱ्या बाईकडून सरकारला पै-पैचा हिशेब हवा आहे.

आता याच कायद्याचे दुसरे टोक पाहू. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही परदेशी स्रोताकडून देणग्या घेऊन कायदा मोडल्याचा निर्णय दिला. त्यावर काय झाले? २०१६ च्या वित्त कायद्यातून ‘परदेशी स्रोत’ या शब्दांची व्याख्याच बदलली आणि बदल २०१० पासून लागू केला. पण खटल्यातल्या देणग्या त्याच्याही आधीच्या होत्या. म्हणून २०१८ मध्ये तोच बदल मागे, पार १९७६ पर्यंत नेला. चाळीस वर्षांपूर्वीचा गुन्हा आज गुन्हा नव्हता असे ठरवण्याची सोय आपल्यापैकी कुणाला आहे? एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष या बाबतीत मात्र सख्खे भाऊ निघाले.

आणि मग निवडणूक रोखे आले. त्यांची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती ‘आर्थिक पानावरची’ म्हणून आपण बऱ्याचजणींनी सोडून दिली होती. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली. राजकीय देणग्यांतला काळा पैसा घालवायचा, असे कारण सांगितले गेले. रिझर्व्ह बँकेने शंका घेतल्या, निवडणूक आयोगानेही पुढे लेखी आक्षेप घेतला. तरीही त्यासाठीच्या कायद्यांतल्या दुरुस्त्या वित्त विधेयकातून, राज्यसभेच्या मताची गरज पडणार नाही अशा वाटेने, मंजूर करून घेतल्या गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये योजना अधिसूचित झाली आणि मार्चपासून विक्री सुरू झाली. हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी, अशा किमतींचे रोखे. स्टेट बँकेतून विकत घ्यायचे, आवडत्या पक्षाला द्यायचे, पक्षाने पंधरा दिवसांत ते वटवायचे. देणाऱ्याचे नाव रोख्यावर नाही. पक्षाने ते कुणाला सांगायचे नाही. त्याच वेळी कंपनी कायद्यातली मर्यादाही काढून टाकली. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे, ती अट गेली. तोट्यातल्या कंपनीनेही खुशाल दान करावे आणि कोणत्या पक्षाला दिले हे आपल्या ताळेबंदात सांगू नये, अशी व्यवस्था झाली.

हजार रुपयांचा रोखा होता, म्हणजे सामान्य माणसासाठीही ही योजना होती, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात रोख्यांतल्या एकूण रकमेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांची निघाली. हजाराचे रोखे ज्यांनी घेतले त्यांच्यात एक बाई होती, तिचे नाव इथे आवर्जून घ्यायला हवे. पूनम अग्रवाल या पत्रकाराने एप्रिल २०१८ मध्ये हजार-हजारांचे दोन रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासायला दिले. अतिनील प्रकाशाखाली त्यावर एक अंक-अक्षरांचा छुपा क्रमांक दिसला. म्हणजे देणारा मतदारांपुरताच अदृश्य होता. बँकेकडे खरेदीदाराची ओळख होती, रोख्यावर खूण होती, आणि बँक सरकारी. पडद्याच्या आतले आतल्यांना दिसणार, बाहेर उभ्या असलेल्या आपल्याला तेवढे नाही. पडद्याचा हा प्रकार बायकांना काही नवा नाही!

सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहिले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे कळल्याशिवाय मतदाराला नीट मत ठरवता येत नाही, म्हणून ही माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. आणि कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही. निकालाचा गाभा हा. त्यानंतर स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. आपल्या बचतगटाच्या खात्यात साठ रुपयांची तफावत आली तर दुसऱ्या दिवशी निरोप पाठवणारी हीच बँक! न्यायालयाने ११ मार्चला नकार दिला आणि माहिती काही दिवसांत बाहेर आली. तो छुपा क्रमांकही न्यायालयाने द्यायला लावला, त्यामुळे कोणाचा रोखा कोणाकडे गेला याची जुळणी करता आली.

त्या जुळणीतून दिसले ते असे. २०१८ पासून साडेसोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले. एप्रिल २०१९ नंतरच्या तपशिलात भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसला सुमारे १,४०० कोटी आणि भारत राष्ट्र समितीला सुमारे १,२०० कोटी मिळाले. सर्वांत मोठी देणगीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, फ्यूचर गेमिंग. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले, त्यातले ५०० कोटींहून अधिक द्रमुककडे गेले. दुसऱ्या क्रमांकावर रस्ते-बोगदे-धरणांची सरकारी कंत्राटे घेणारी मेघा इंजिनिअरिंग होती. यादीत अनेक औषध कंपन्याही होत्या. तपास यंत्रणांच्या धाडीच्या तारखा आणि रोखेखरेदीच्या तारखा पत्रकारांनी शेजारीशेजारी मांडल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी त्या जवळजवळ आलेल्या दिसल्या. तारखा जवळ आल्या म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे होत नाही, हे मान्य. पण सिद्ध व्हायचे तर तपास व्हायला हवा. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. यादी वाचून झाली आणि प्रकरण मिटले.

रोखे न घेणारेही होते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घ्यायला नकार दिला, शिवाय तो या खटल्यात याचिकाकर्ताही होता. सगळेच सारखे, असे म्हणून हात झटकता येऊ नयेत म्हणून हे नोंदवते.

कंपन्यांच्या पैशाची काळजी काही आज सुरू झालेली नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांसमोर आले. कायद्यात बंदी नसल्याने त्यांनी परवानगी दिली, पण ती देताना असा पैसा पुढे लोकशाहीचाच गळा घोटू शकेल, असा स्पष्ट इशारा निकालपत्रात दिला आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले. संसदेने लक्ष घातले ते असे: १९६० मध्ये मर्यादा, १९६९ मध्ये पूर्ण बंदी, १९८५ मध्ये बंदी उठवली. बंदीच्या सोळा वर्षांत पैसा थांबला असे कुणीच म्हणणार नाही. तो बॅगांतून फिरला, एवढेच.

उमेदवाराच्या खर्चाची तऱ्हा याहून मासलेवाईक. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरला पाहिजे. त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट थोडी अरुंद केली. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख ही मर्यादा २०२२ मध्ये ठरली. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. पातेल्यावर झाकण ठेवायचे आणि तळाला भोक पाडायचे, अशातली ही गत आहे.

आता कुणी विचारेल, यात बायकांचा वेगळा प्रश्न कोणता? आमच्याच बैठकीत एका मैत्रिणीने तो विचारला. तिचे म्हणणे, हुंडाबळी, बलात्काराचे कायदे, किमान वेतन, रेशन एवढे विषय समोर असताना आपण कंपन्यांच्या देणग्यांत का शिरायचे?

शिरायचे, कारण तिकीटवाटपाच्या खोलीचे दार याच पैशाने उघडते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एकूण उमेदवारांत बायका दहा टक्क्यांच्याही आत होत्या आणि निवडून आल्या ७४. आधीच्या सभागृहात ७८ होत्या. महाराष्ट्राच्या विधानसभेत त्याच वर्षी २८८ पैकी पंचवीससुद्धा बायका पोहोचल्या नाहीत. पक्षांना विचारले की उत्तर ठरलेले: ‘निवडून येण्याची क्षमता’ पाहावी लागते. ही क्षमता म्हणजे काय, याचे गाळीव उत्तर म्हणजे पैसा उभा करण्याची ताकद. साखर कारखाना, शिक्षणसंस्था, बांधकामाचा धंदा, पतपेढी, किमान एखादा पेट्रोलपंप. यातले बाईच्या नावावर काय असते? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपण रोज पाहतो. जिने भावासाठी जमीन सोडली तिने निवडणुकीसाठी काय गहाण ठेवायचे? म्हणून आमदार म्हणून निवडून येणाऱ्या बायकांत कुणाची तरी मुलगी, सून, पत्नी, विधवा असणाऱ्या इतक्या दिसतात. त्यांना नावे ठेवण्याचा हा हेतू नाही. कर्तबगार बायका त्यांतही आहेत. पण ज्या बाईच्या मागे घराण्याची तिजोरी नाही, पण वीस वर्षांचे काम आहे, तिला हे दार बंद आहे. २०२३ मध्ये विधानसभा-लोकसभेतल्या एकतृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती मंजूर झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घालून. आरक्षण आले तरी राखीव जागेवरची बाई कुणाच्या पैशावर उभी राहणार, हा प्रश्न उरतोच. ज्याचा पैसा, त्याचा शब्द.

पंचायतीत आपण हे पाहिले आहे. १९९३ नंतर एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, आणि त्यांतून खरोखर काही घडले, हे ‘झेराॅक्स सरपंच’ म्हणून हसणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. पण तिथेही पैशाने वाट काढली. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी इथे पदांचे लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या घरात गेली होती, आणि पैसा देवळासाठी होता. देवाचे नाव घेतले की लिलावाला देणगी म्हणता येते. अशा बोलीत एखादी मजुरी करणारी बाई काय बोलणार? ‘बिनविरोध’ म्हणून ज्या गावांचे सत्कार होतात, त्यांतल्या किती ठिकाणी विरोध करायची ऐपतच कुणाकडे नव्हती, हेही कधी तरी मोजायला हवे.

आणि हिशेबाची करडी नजर नेमकी याच बाईवर आहे. ग्रामपंचायत निवडणुकीचा खर्च निकालानंतर तीस दिवसांत सादर केला नाही, तर आपल्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम १४ ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. अर्ज कुठे द्यायचा हे कुणी सांगितले नाही, कागद नवऱ्याकडे होते, तालुक्याला जायला एसटी नव्हती, ही कारणे तिथे चालत नाहीत. नियम असावा, जरूर असावा. पण पाच-सात हजारांच्या चहा-पत्रकांचा हिशेब न दिल्याबद्दल एका बाईचे सदस्यत्व जाते आणि हजारो कोटी घेणाऱ्यांना नाव सांगायचे नाही असा कायदाच करून मिळतो, तेव्हा कायदा कोणाच्या बाजूला झुकून उभा आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे कारण आणखी जवळचे. पैसा देणारा उगाच देत नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचे मतदान आपल्यापैकी अनेकींनी लढवले आहे. २००८ च्या आदेशाने घातलेली अट आठवा: आधी पंचवीस टक्के बायकांच्या सह्या, मग मतदान, आणि नुसत्या आलेल्यांचे बहुमत पुरेसे नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून अधिक मते हवीत. यादीत मेलेल्या बाया, लग्न होऊन गेलेल्या मुली, ऊसतोडीला गेलेल्या मजुरणी, सगळ्यांची मते जणू दुकानाच्या बाजूने धरलेली. एवढ्या मतांनी आपल्याकडे आमदारही निवडून येत नाही! दुकान चालू ठेवू पाहणाऱ्याला मात्र रांगेत उभे राहावे लागत नाही, सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. त्याचे म्हणणे वेगळ्या वाटेने पोहोचते. चंद्रपूरची दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला बायकांच्या मोठ्या लढ्यातून आली आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने गेली. त्यामागे कुणाची देणगी होती असा आरोप आम्ही करत नाही, आमच्याकडे पुरावा नाही. मात्र पुरावा मिळण्याची सोयच नसलेल्या व्यवस्थेत प्रत्येक निर्णयावर संशय उरतो, आणि त्याची जबाबदारी संशय घेणाऱ्यावर टाकता येणार नाही.

इथे ‘लाडकी बहीण’चा विषय निघणारच. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेल्या या योजनेचे महिना दीड हजार रुपये घेणाऱ्या बायकांना शहाण्यासुरत्या लोकांनी ‘रेवडी’ घेणाऱ्या म्हणून हिणवले. बायकांनी मत विकले म्हणे. निवडणुकीच्या आधी तिजोरी उघडण्यावर टीका जरूर करावी, आम्हीही केली. पण ज्यांनी दीड हजारांत बाईची नियत पाहिली, त्यांनी एक कोटीच्या रोख्यात कंपनीची नियत किती वेळा पाहिली? बाईने घेतलेल्या पैशाची यादी आधार क्रमांकासह तयार आहे, छाननी होते, नावे कापली जातात. तेवढीच छाननी वरच्या टोकाला व्हावी.

रोखे गेले म्हणून काम संपले असेही नाही. पैसा आता पुन्हा निवडणूक न्यासांच्या वाटेने वाहतो. २०१३ पासूनची ही योजना रोख्यांपेक्षा बरी, कारण न्यासाला देणगीदारांची नावे आयोगाला कळवावी लागतात. पण एका मोठ्या रांजणात अनेकांनी पाणी ओतायचे आणि रांजणातून पक्षांना द्यायचे, मग कोणाचे पाणी कुठे गेले ते कसे ओळखणार? २०२४-२५ या वर्षात न्यासांनी पक्षांना ३,८०० कोटींहून अधिक दिले, त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक एकट्या सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला. वीस हजारांच्या आतल्या देणगीदारांची नावे पक्षाला कळवावी लागत नाहीत, ती जुनी फटही तशीच आहे. आणि माहितीचा अधिकार? राजस्थानातल्या मजूर बायकांनी हजेरीपटाची नक्कल मागितली, त्या मागणीतून वाढत वाढत २००५ चा कायदा झाला. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू असल्याचे सांगितले. एकाही पक्षाने ते मानले नाही.

मग मागायचे काय? पक्षाच्या खर्चालाही मर्यादा, प्रत्येक देणगीदाराचे नाव निवडणुकीच्या आधी जाहीर, आणि पक्षांना माहितीचा अधिकार लागू, एवढ्यावर आपल्यात फारसा मतभेद नाही. सरकारी तिजोरीतून निवडणूक खर्च देण्याबाबत मात्र आहे. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना वस्तुरूपाने मदत द्यावी असे सुचवले होते. आमच्यातल्या काहीजणींना ते पटते, काहींना वाटते की आधीच लठ्ठ झालेल्यांना आणखी खुराक कशाला. दोघींनाही पटेल अशी एक अट आयर्लंडने घातली आहे. तिथे पक्षांना सरकारी अनुदान मिळते, पण २०१२ च्या कायद्याने उमेदवारांत तीस टक्के बायका नसल्या तर ते निम्मे कापले जाऊ लागले. २०११ मध्ये सभागृहात २५ बायका होत्या, २०१६ मध्ये ३५ आल्या. फ्रान्समध्ये २००० पासून असाच कायदा आहे, पण तिथल्या बड्या पक्षांनी बरीच वर्षे दंड भरला आणि पुरुषच उभे केले. दंड परवडला की कायदा परवडत नाही! म्हणून कात्री खोल लागली पाहिजे.

याचा मसुदा करायचा तर आपल्याकडचे आकडे हवेत, आणि ते कोणत्याच आयोगाकडे नाहीत. तेव्हा ज्यांनी ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका, जिल्हा परिषद लढवली आहे, जिंकली किंवा हरली, त्या सगळ्यांना विनंती: खरा खर्च किती झाला, पैसा कुणी दिला, दागिना मोडला का, कर्ज कुणाच्या नावावर आहे, आणि ज्याने पैसा दिला त्याने नंतर काय मागितले, हे लिहून पाठवा. नाव छापायचे नसेल तर तसे कळवा. लिहिणे जमत नसेल तर शेजारच्या मुलीकडून लिहून घ्या. पत्रे पुढच्या अंकासाठी हवी आहेत.